स्पेसबारची खुळखुळ

आमचे हे रेल्वेत इंजिनिअर होते. नोकरीचं सगळं आयुष्य पुलांवर काढलं आणि रिटायर झाल्यावर लखनौला, अलीगंजच्या या घरात कीबोर्डापुढे येऊन बसले. रोज सकाळी आंघोळ उरकली की वर्ध्याला माझ्या नणंदेला हातभर लांब ई-मेल. तिचं उत्तर एका ओळीचं यायचं, पण यांना त्याचं काही वाटायचं नाही. अक्षरं उजव्या हाताच्या एका बोटाने, आणि शब्द संपला की डाव्या अंगठ्याने स्पेसबार, तोही अगदी डाव्या टोकाला. खट्, आणि मागोमाग बारीकशी खुळखुळ. स्वयंपाकघरात मला ते ऐकून ऐकून वीट यायचा. नवा घ्या, नवा घ्या म्हणून मी जीव खाल्ला त्यांचा.

नवा कसला घेतायत! उलट एकदा मला बोलावून घेतलं, ती लांब पट्टी उचकटली आणि खालची तार दाखवली. दोन्ही टोकांना काटकोनात वाकवलेली, स्वेटरच्या सुईएवढीही जाड नाही. म्हणाले, "एवढं लांब बटण एका टोकाला दाबलं तर ते तिरकं होणार, अडकणार. म्हणून ही तार दोन्हीकडे अडकवलेली असते. हे टोक खाली गेलं की तार फिरते आणि त्या टोकालाही खाली ओढते. पट्टी सपाट राहते. हिला स्टॅबिलायझर म्हणतात." मला स्टॅबिलायझर म्हटलं की फ्रिजचा माहीत. मी विचारलं, "मग खुळखुळते कशाला?" तर म्हणे, इतकी वर्षं एकाच टोकाला दाबून तार जरा पिळली आहे, सैल झाली आहे, पण काम चोख करते. गॅसवर माझी भाजी करपत होती. मी तोंड वाकडं करून निघून आले. दोन मिनिटं आणखी ऐकून घेतलं असतं तर काय बिघडणार होतं माझं!

ते गेले त्यानंतर मी रोज त्या टेबलावरची धूळ पुसते. कॉम्प्युटर बंदच असतो, मला तो नीट चालवताही येत नाही. पण पुसून झालं की डाव्या टोकाला एकदा अंगठा ठेवायचा. खट्, खुळखुळ. एकदाच. मग दिवस सुरू. हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हातारी बिघडली म्हणाले असते.

पहिलं वर्ष सणवार केले नाहीत. यंदा वर्षश्राद्ध झालं होतं आणि नवरात्रात मुलगा बंगळुरूहून आला, म्हणून म्हटलं खंडेनवमी करू. आमच्या शेजाऱ्यांची अवजारांची पूजा विश्वकर्मा पूजेलाच होऊन जाते. हे मात्र हट्टाने खंडेनवमीलाच पाने, पक्कड, मायक्रोमीटर सगळं पुसून, तेल देऊन पाटावर मांडायचे. मुलाला म्हटलं, यंदा तू कर. तो म्हणाला, "हाँ आई, सब चमका दूँगा." मराठी सगळी कळते त्याला, पण उत्तर हिंदीत. लखनौतच वाढला, त्याचा काय दोष. मी ई-रिक्षा करून चौकात झेंडूची फुलं आणायला गेले.

परत आले तर पाट मांडलेला. एकेक अवजार लखलखीत. आणि मधोमध, हळदीकुंकवाच्या वाटीशेजारी, कीबोर्ड. फुलांची पिशवी हातात तशीच ठेवून मी डाव्या टोकाला अंगठा दाबला. ठप्. बस्स, एवढंच. जणू कापसात बोट बुडालं.

"पूरा खोल के साफ़ किया," तो खुशीत सांगायला लागला. "तार टेढ़ी थी, काँच पे रखके सीधी की. ग्रीस लगाया. अब बिलकुल आवाज़ नहीं करता."

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "कुणी सांगितलं होतं तुला शहाणपण करायला? तेवढंच तर उरलं होतं माझ्याकडे त्यांचं!" आणि सणासुदीचं, भरल्या घरात, मी भोकाड पसरलं. तो बिचारा हातातलं फडकं घेऊन उभा. काय चुकलं तेच त्याला कळेना. मग रडत रडत सगळं सांगितलं, रोजच्या अंगठ्याचंसुद्धा. त्याने फडकं पाटाजवळ ठेवलं. मग म्हणाला, "मुझे बताया क्यों नहीं, आई?" काय सांगणार? फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?

पूजा कशीबशी उरकली. मी नैवेद्याच्या पुरणाकडे वळले आणि तो कीबोर्ड घेऊन आतल्या खोलीत गेला. ग्रीस स्पिरिटने पुसलं, पक्कडीने तार पुन्हा जराशी पिळली. मधून मधून हाक यायची, "आई, ये वाला?" मी दारात जाऊन ऐकायची. नाही. हे फार मोठं. नाही रे, हे पत्र्यासारखं वाजतंय. पाच-सहा वेळा झालं आणि माझा धीर सुटला. म्हटलं, "राहू दे बाळा. गेलं ते गेलं." तो मान खाली घालून तार वाकवत राहिला. मी पोळ्या लाटायला घेतल्या.

तिसरी पोळी तव्यावर होती. खट्, खुळखुळ. थोडं थांबून पुन्हा खट्, खुळखुळ. इतके महिने मी ते बटण स्वतःच दाबत होते, टेबलापाशी उभी राहून. स्वयंपाकघरात, दुसऱ्या खोलीतून, दुसऱ्या कुणाच्या हाताने आलेला तो आवाज दीड वर्षात पहिल्यांदा ऐकला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, या आता, पानं वाढलीत."

आवाज थांबला. मुलगा दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल. चौकटीला हात धरून माझ्याकडे बघत होता. मला लाजही वाटली आणि हसूही आलं.

"खाना लगा दिया?" त्याने हळूच विचारलं.

"लावलंय," मी म्हटलं. "पण तू जा. जरा आणखी लिही."

"क्या लिखूँ?"

"काहीही लिही रे. पोळी गार झाली तरी चालेल."