उद्धवकाकांची वेचणी

आमच्या उद्धवकाकांच्या मिशीला गावात मोठा मान होता. काकांपेक्षा मिशीलाच जास्त, असं माझी आई म्हणायची. वांकिडीच्या कचेरीत जायचं असलं की काका अर्धा तास आरशापुढे घालवत. निजामाच्या काळात ते चार इयत्ता उर्दू शिकलेले. त्यामुळे दरखास्त लिहायची, पेशकाराशी बोलायचं, नक्कल काढून आणायची, ही कामं गावाने त्यांच्यावरच सोपवलेली. चावडीत बसून ते सांगत, "कचेरीत बोलाले छाती लागते. बायामानसाचं काम नोहे थे." माझे वडील वामनराव, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, यावर जोरात मान डोलवत. वडिलांना उर्दूही येत नव्हतं आणि मिशीही विरळ होती.

छप्पन साली निजामाच्या जुन्या राज्याचे तुकडे झाले. राजुऱ्याकडचे आमचे सोयरे मराठी मुलखात गेले, आम्ही आंध्रात राहिलो. वांकिडीला नवा साहेब आला तो पार समुद्राकडचा. त्याला तेलुगू येई, नाहीतर इंग्रजी. काका पहिल्यांदा त्याच्यापुढे उभे राहिले आणि 'हुजूर' म्हणून जे सुरू झाले ते बराच वेळ थांबलेच नाहीत. साहेबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. त्याला वाटलं, माणूस आजारी आहे.

काम तर साधं नव्हतं. गावची मराठी शाळा मारुतीच्या देवळात कशीबशी भरायची. चाळीस मुलांची यादी देऊन साहेबाची खात्री पटवली तर ती सरकारी होणार होती, नाहीतर बंद. आणि काका चावडीत छातीवर हात मारून बसलेले, "शाळा म्या आनून देतो."

तेलुगू घरातच होती. तुळजाकाकू मंचेरियालची, बापाच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकांशी बोलत वाढलेली. पण बायकोला काही विचारायचं म्हणजे काकांना जड जायचं. तीन दिवस ते जेवताना बोलले नाहीत. चौथ्या दिवशी भाकरीकडे पाहत म्हणाले, "तेलगूत शाळेले काय म्हंतेत?"

"बडी."

"आन् 'मंजूर करा' कसं म्हंतेत?"

काकूने सांगितलं. काकांनी पाचसहा वेळा म्हणून पाहिलं. शेवटी काकूलाच ऐकवेना. ती म्हणाली, "राहू द्या. म्याच जाते. पन कापूस फुटून राह्यला, मायं काम कोन करन?"

"बाया लाव."

"बाया लावल्या का गावाले समजलंच, मी वावरात नाई म्हनून. मंग कचेरीत कोन गेलं?"

म्हणजे वेचायला जायचं ते काकांनीच. आमच्याकडे पुरुषाने वखर हाकावं, कापसाची गाडी भरावी, वेचणी बायकांची. कंबरेला फडकं बांधून, त्याची ओटी करून, त्यात बोंडाबोंडातला कापूस टाकणारा पुरुष गावाने पाहिला नव्हता.

तरी साहेबाच्या भेटीच्या दिवशी, दर मंगळवारी, ते सुरू झालं. आमचं वावर वांकिडीच्या वाटेवर. सकाळी दोघं गाडीतून निघत. गावाची समजूत अशी की काका काकूला वावरात सोडून पुढे कचेरीला जातात. खरं म्हणजे काकू काकांना वावरात सोडायची आणि कासरा हाती घेऊन स्वतः पुढे जायची.

पहिल्या मंगळवारी तर वेचणीचा मुहूर्त होता. त्या दिवशी घरच्या बाईने कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, त्याला सीतादही म्हणतात. काकूने दहीभात बांधून दिला, देव म्हणून पाच खडे कुठे मांडायचे ते सांगितलं. काकांनी इकडेतिकडे पाहत नैवेद्य उरकला आणि मग काकूच्या जुन्या लुगड्याचं फडकं कंबरेला बांधलं. ऊन लागतं म्हणून दुसरं डोक्यावरून घेतलं. ते मिशीवरूनही घेतलं, ते उन्हासाठी नसावं.

दुपारी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, माझे वडील आले. थोरला भाऊ म्हणजे काकूचा भासरा, आणि भासऱ्याने धाकट्याच्या बायकोसमोर उभं राहायचं नाही ही आमची रीत. कपाशीत डोक्यावर लुगडं घेतलेलं कुणी वाकलेलं दिसताच वडील मोठ्याने खाकरले, मान खाली घातली आणि बैलांना लांबच्या वाटेने पाणी पाजून आले. काका जागच्या जागी बसून राहिले. पुढचे दोन्ही मंगळवार हेच. तिसऱ्या वेळी वडील आभाळाकडे पाहून म्हणाले, "उद्धवाच्या घरच्यांनं आता घडीभर सावलीत बसावं. लय राबून राह्यल्या." सख्ख्या भावाने काकांची एवढी काळजी आयुष्यात कधी केली नव्हती.

संध्याकाळी काकू परत आली की आधी ओझं सोडून पाही. "अवं, हा कापूस व्हय? अर्धा पालापाचोळाच हाय यात!" मग साहेब काय म्हणाला ते सांगी. यादीत मुलगे सत्तावीसच भरले होते. बाकीच्या तेरा पोरी काकूने घातल्या. त्यांत मी एक. काका म्हणाले, "पोरी काऊन?" काकू म्हणाली, "मंग तेरा पोरं पैदा करा सोमवारपरेंत."

चौथ्या मंगळवारी साहेब स्वतःच गावात आला. सकाळीच आला, दोघं घरातून निघायच्या आधी. चावडी भरली. काका कोट घालून पुढे. साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि तब्येत कशी आहे अशा अर्थाची खूण केली. मग शिपायाने तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "वो बाई किधर है, जो हर मंगल को आती?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कुणी म्हणालं, कोणती बाई, आमचे तर उद्धवराव येतात. काकांनी मिशीला हात लावला, तो तिथेच राहिला. शिपाई म्हणाला, बाईशिवाय साहेब कुणाशी बोलणार, यादी कोण समजावणार. साहेब कागद गुंडाळून उठला. मी वडिलांच्या मांडीला टेकून उभी होते. मला फक्त एवढंच कळलं की शाळा हातची चालली.

"थांबा," काका म्हणाले. "थे मायी बायको हाय. म्याच पाठवली होती." मग घसा साफ करून म्हणाले, "पाठवली म्हंजे... थेच गेली. मले कुठं येते तेलगू?"

वडील हळूच म्हणाले, "मंग वावरात कोन होतं?"

"मी."

"म्हंजे तीन मंगळवार म्या खाकरून, मान खाली घालून..."

"मलेच मान देल्ला दादा तुमी."

चावडी हसून हसून आडवी झाली. वडीलही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. काकूला बोलावणं गेलं. ती डोक्यावर पदर घेऊन आली, भासरा समोर म्हणून खांबाआड उभी राहिली आणि तिथूनच तेलुगूत बोलली. तेरा पोरी पुढे उभ्या केल्या. साहेबाने आमची डोकी मोजली, सही केली. मग काकांकडे बोट करून काहीतरी विचारलं. काकूने उत्तर दिलं. साहेब उठला आणि त्याने काकांचा हात दोन्ही हातांनी धरून हलवला.

त्या शाळेत मी शिकले आणि पुढे तिथेच मास्तरीण झाले. काका दर हंगामात उघड उघड ओटी बांधू लागले. तरुण पोरांनी बांगड्या आणू का म्हणून चिडवलं तर म्हणत, "आन, पन मापाच्या आन." फक्त एक गोष्ट त्यांना छळायची: काकू त्या दिवशी काय म्हणाली? विचारलं की ती म्हणे, "सांगीन कवातरी."

ती गेली त्या वर्षी तिने मला सांगितलं. साहेबाने विचारलं होतं, हा माणूस काय करतो? ती म्हणाली होती, "हा मायं काम करते, म्हनून मी तुमच्या दारापर्यंत येऊ शकली. शाळा यानंच आनली." मला राग आला तिचा. एवढी वर्षं नवऱ्याला का सांगितलं नाहीस? म्हणाली, "मिशीले आखीन पीळ पडला असता."

तेराव्यानंतर मी काकांना सांगितलं. मिशी तोवर पांढरी होऊन खाली उतरली होती. त्यांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "आन् पालापाचोळ्याचं? थे नाई ना सांगतलं तिनं साहेबाले?"