घसा स्वच्छ

फेलोबाई हे काही तिचं नाव नव्हतं, पण त्या विभागात पाऊल ठेवल्यापासून दुसऱ्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. डॉक्टर होऊन बरीच वर्षं झालेली, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेले, घरी नवरा आणि शाळेत जाणारा मुलगा. आणि ही बाई वर्षभराची फेलोशिप घेऊन पुन्हा शिकायला बसली होती. मुलांचा श्वास आणि मुलांचं गिळणं, एवढाच विषय. सासूबाई दर रविवारी फोनवर विचारायच्या, "अजून किती शिकणार गं? लोकांच्या पोरांच्या घशात बघतेस, आपल्या पोराच्या घशात काय जातंय ते कोण बघणार?"

विभागाचं माहितीपत्रक फार देखणं होतं. घसा, पोट आणि फुप्फुसं, तिन्हींचे मोठे डॉक्टर एकाच छताखाली, असं त्यावर छापलं होतं आणि खाली तिघे दात दाखवत उभे होते. छत एकच होतं, हे खरं. छताखाली तीन दारं होती आणि तिन्ही कायम लावलेली. आठवड्याच्या एकत्र बैठकीत एकत्र काय असायचं, तर बिस्किटं, आणि तीही आपापल्या बशीत.

घशाचे डॉक्टर विभागाचे प्रमुख. पाठीमागे सगळे त्यांना घसासाहेब म्हणत आणि समोर 'सर, सर' करून स्वतःचे घसे बसवून घेत. साहेबांचा टेंभा एकच: त्यांना नुसतं बघून कळतं. दुर्बीण आत गेली, पडद्यावर एक नजर टाकली, झालं निदान. "हात लावायचा तो कापायला, चाचपायला नव्हे," हे त्यांचं लाडकं वाक्य. पहिल्या महिन्यात फेलोबाईही त्या वाक्याला हसली होती, जरा जास्तच मोठ्याने. कारण वर्ष संपल्यावर साहेबांचं शिफारसपत्र हातात पडलं, तरच घराजवळच्या बालरुग्णालयातली नोकरी तिला मिळणार होती. नाहीतर पुन्हा कुठेतरी लांब, पुन्हा मुलगा फोनवर.

आणि मग ती मुलगी. चार वर्षांची. पाणी प्यायली की ठसका, ठसक्यामागून ताप, तापामागून न्यूमोनिया. शेवटी पोटाला भोक पाडून नळी बसवली; पाणी, दूध, सगळं पातळ नळीतून. तोंडाने द्यायचं ते चमचा उभा राहील इतकं घट्ट. आंघोळ घालताना आई एका हाताने डोक्यावर पाणी ओतायची आणि दुसऱ्या हाताने पोरीचं तोंड दाबून धरायची.

घसासाहेबांनी आत बघून लिहिलं, 'घसा स्वच्छ', आणि तिला पोटवाल्या डॉक्टरांकडे टोलवलं. पोटवाल्यांनी वर्षभर पित्ताची औषधं चारली आणि फुप्फुसवाल्या बाईंकडे टोलवलं. बाईंनी पंप दिला, वाफा दिल्या आणि पुन्हा घशाकडे. दर वेळी नवी भूल, नवी दुर्बीण. तिघांनी मिळून एकाच भुलीत एका टेबलावर बघावं, यासाठीच तर तो विभाग काढला होता. पण आधी कोण बघणार यावर घोडं अडलं ते अडलंच. साहेबांनी पुन्हा बघितलं आणि पुन्हा लिहिलं, 'घसा स्वच्छ'.

आता यात गुपित असं काही नव्हतं. श्वासनळी पुढे, अन्ननळी मागे, मध्ये भिंत. कधी कधी जन्मतःच त्या भिंतीच्या वरच्या टोकाला फट राहते आणि प्यायलेलं पाणी तिथून फुप्फुसांत उतरतं. फटीच्या कडा एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून ती नुसती बघून दिसत नाही. बोथट सळई घालून कडा बाजूला कराव्या लागतात. साहेबांच्या कपाटातल्या पुस्तकातसुद्धा हे छापलेलं आहे. फक्त कपाट उघडावं लागतं.

फेलोबाईने एकदा भीत भीत विचारलं, "सर, सळई लावून बघायचं का?"

"कुठे वाचलंस?" साहेब म्हणाले. "वाचायची एवढी हौस असेल तर ग्रंथालयात लाग नोकरीला."

सगळे हसले.

मग बाहेरून पाहुणे डॉक्टर येणार असं ठरलं आणि विभागात एकदम प्रेमाचं भरतं आलं. तिन्ही दारं उघडली. तिघे एकाच सकाळी एकाच टेबलाशी उभं राहायला तयार झाले. तपासायला मुद्दाम तीच मुलगी निवडली, कारण निकाल साहेबांनी आधीच ठरवून ठेवला होता: तिन्ही बाजूंनी स्वच्छ, म्हणजे दुखणं पोरीला नाही, आईच्या डोक्यात आहे. आईला समुपदेशनाला पाठवायचं आणि फाइल बंद. तशी स्लाइडही तयार होती. आईच्या डोक्यातून पोरीला न्यूमोनिया कसा होतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या सकाळी बाहेरच्या बाकावरून आईने फेलोबाईची बाही धरली. "मॅडम, आजही स्वच्छच म्हणणार का हो? काहीतरी निघू दे एकदाचं."

"बघू या," फेलोबाई म्हणाली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

आत फुप्फुसवाल्या बाईंचं बघून झालं. पोटवाले हातमोजे घालून आपल्या पाळीची वाट बघत होते. घशातली दुर्बीण फेलोबाईच्या हातात होती, कारण साहेबांचे दोन्ही हात भाषणात गुंतले होते. ते भिंतीलगत दोन रांगांत बसवलेल्या पाहुण्यांकडे तोंड आणि टेबलाकडे पाठ करून उभे होते. मोठा पडदाही त्यांच्या पाठीमागेच. ट्रेमध्ये सळई होती. रोज निर्जंतुक होऊन यायची, रोज तशीच परत जायची. फेलोबाईला शिफारसपत्र आठवलं, मुलगा आठवला, आणि हात जागच्या जागी राहिला.

"अशा आया फार हट्टी असतात बरं का," साहेब पाहुण्यांना सांगत होते. "त्यांना आजार हवाच असतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सळई उचलली, आत सरकवली आणि कडा अलगद बाजूला केल्या.

पडद्यावर फट उघडली. पुढच्या रांगेतला एक पाहुणा खुर्चीतून अर्धा उठला. साहेब मागे वळले. त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"आणि हे," ते म्हणाले, "मी मुद्दाम शेवटी दाखवायचं राखून ठेवलं होतं."

टाळ्या पडल्या. पोटवाल्यांनीही हातमोज्यांतून वाजवल्या. निर्लज्जपणालासुद्धा सराव लागतो, आणि साहेबांचा सराव दांडगा होता.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर त्यांनी तिला गाठलं. "तुझा हात फार चालतो."

"सर, फट होती."

"होतीच. मला ठाऊक होतं."

"मग स्वच्छ कसं लिहिलंत?"

साहेबांनी टोपी काढून कचऱ्यात टाकली. "प्रमाणपत्र मिळेल तुला," ते गोड आवाजात म्हणाले. "शिफारसपत्र मात्र दुसऱ्या कुणाकडे माग."

रात्री तिने नवऱ्याला फोन केला. नोकरीचं काही खरं नाही, एवढंच सांगितलं, आणि मग बराच वेळ रडली. आपण फार मोठं काही केलं असं तिला अजिबात वाटत नव्हतं. हे आधीच करायला हवं होतं, असं मात्र वाटत होतं.

फटीला टाके साहेबांनीच घातले आणि सुरेख घातले. हात गुणी होता, म्हणून तर बाकीचं इतकी वर्षं खपून गेलं. काही आठवड्यांनी गिळण्याची क्ष-किरण तपासणी चांगली आली आणि साधं पाणी द्यायचं ठरलं. त्यासाठी संस्थेचा फोटोवाला बोलावला होता. तिघे पुन्हा माहितीपत्रकासारखे रांगेत उभे राहिले.

"देवासारखे भेटलात साहेब," आई डोळे पुसत म्हणाली.

"अहो, मी काय केलं? मी फक्त बघितलं," साहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं बोलले असावेत.

"मॅडम, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा," फोटोवाला फेलोबाईला म्हणाला. ती भिंतीला टेकली. मनातून ती चांगलीच जळत होती.

मुलीने दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि एक घोट घेतला. खोलीत कुणी हललं नाही. आईचा हात सवयीने पोरीच्या तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. घोट खाली उतरला. ठसका आला नाही.

"बाळ, इकडे बघ, हस," फोटोवाला म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिने ग्लासात डोकावून पाहिलं, नाक मुरडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तक्रार केली, "ह्याला तर चवच नाही!"

साहेबांचं हसू तिथेच लटकलं. आई हसता हसता रडायला लागली. तेवढ्यात मुलीने उरलेलं पाणी घटाघटा संपवलं, तिघा मोठ्या डॉक्टरांना ओलांडून ती भिंतीपाशी आली आणि रिकामा ग्लास फेलोबाईपुढे धरला.

"अजून दे."

फेलोबाई गेली आणि ग्लास काठोकाठ भरून घेऊन आली.