मॅडमचं कुत्रं

“मॅडमचं कुत्रं असेल. ही बिचारी फिरवायला ठेवलेली,” माळीकाका खजुराच्या आळ्यात पाणी सोडत जोडीदाराला मराठीत सांगत होते, मला कळणार नाही अशा भरवशावर.

कुत्रा माझा होता. आमच्या वरच्या मजल्यावरचं कुटुंब कुवेत कायमचं सोडून गेलं, तेव्हा हा पांढरा, झुपकेदार प्राणी मी हट्टाने ठेवून घेतला. पार्कांत कुत्र्यांना मनाई. पण एका जुन्या कुवेती घराण्याची ही बाग हिवाळ्यात दुपारनंतर शेजाऱ्यांना खुली असते. मधोमध मातीचं जुनं घर, बुजलेली विहीर, बोरीची थोराड झाडं. साखळी सोडायची नाही, एवढीच अट. तिथे कुत्री फिरवणाऱ्या बहुतेक जणी घरकामाला असलेल्या. त्यामुळे काकांचा अंदाज काही जगावेगळा नव्हता. तरी मला तो लागला, आणि लागला याचीच जास्त चीड आली.

थोड्या वेळाने त्यांनी हिंदीत विचारलं, कुठली? महाराष्ट्र म्हटल्यावर ते खुलले. ते गुहागरकडचे. मालकीण बरी आहे ना, असं विचारलं. मी मान डोलावली. ती मान मला फार महागात पडली.

घरी आई-बाबा मराठीत बोलतात, मी इंग्रजीत उत्तर देते. मराठी मला सगळी कळते. अनोळखी माणसासमोर मात्र जिभेवर येईपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. काका तर थांबतच नसत. “जेवलीस की नाय गो बाय?” रोज. मग रुमालात बांधलेली बोरं हातात. ती मी मुकाट घ्यायचे, घरी येऊन चिडून खायचे. बोरं गोड असायची, त्याचाही राग यायचा. रोज जाताना खरं काय ते सांगायचं वाक्य घोकायचे, आणि रोज बोरं घेऊन परत.

एकदा त्यांनी हळू आवाजात विचारलं, पासपोर्ट तुझ्याकडे आहे की मालकिणीने ठेवून घेतलाय?

“कपाटात आहे,” मी म्हटलं. खरंच होता.

“कुलूप?”

होतं. बाबा सगळ्यांची कागदपत्रं कुलपातच ठेवतात. काकांचा चेहरा पडला. पुढचे चार दिवस बोरं दुप्पट झाली.

गुरुवारी त्यांनी सांगितलं, उद्या त्यांच्या गावचा एकजण शुऐबाच्या कारखान्यांकडून येतोय. अशा अडकलेल्या दोन मुलींना त्याने वकिलातीत नेलं होतं. मी घाबरायचं नाही, फक्त यायचं. मी “नको” म्हटलं. ते त्यांना भीतीपोटी वाटलं.

शुक्रवारी जाऊच नये असं ठरवून मी बसले होते. कुत्रा दाराशी साखळी तोंडात धरून उभा. शेवटी गेले. फाटकाजवळ काका, आठवड्याच्या एकुलत्या सुट्टीत, इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारी एक दमलेला माणूस, हातात फाइल. तो तासभर बस बदलत आला होता. त्याने पेन उघडून विचारलं, मालकाचं नाव काय?

इंग्रजी वाक्य तयार होतं; ते गिळलं.

“काका, कुत्रा माझा आहे. कपाट बाबांचं आहे. आणि आम्ही समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, तुम्ही दोघं चहाला या.”