गालावरची उष्टी हळद

डाव्या गालावर, नाकाला लागून, मसुराएवढी एक पुळी होती. वर्षभर मी तिला पुळीच म्हणत राहिले. जामबागच्या शाळेत तीस वर्षं पोरांना आरोग्याचे धडे दिले, आणि स्वतःच्या तोंडावरची न भरणारी जखम दाखवायला मला वर्ष लागलं! त्वचेचा कॅन्सर निघाला. सर्जनने तो मुळापासून काढला आणि आता काही शिल्लक नाही असं सांगितलं. शिल्लक राहिला तो व्रण, गालाच्या मध्यापर्यंत, काळपट, खडबडीत, मध्ये खड्डा पडलेला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. जीव वाचला, अजून काय पाहिजे?

वाटलं ते मुलीला. तिचं लग्न ठरत होतं. मुलगा मूळचा पुण्याचा, नोकरीला इथे आमच्याच शहरात, आयटीत.

"आई, कॅन्सर म्हणू नकोस हं," ती म्हणाली. "लगेच विचारतील, घराण्यात आहे का म्हणून. स्कूटीवरून पडलीस म्हण."

मी भडकले. आमच्या ह्यांनी मात्र मान डोलावली, "जाऊ दे ना, लग्नापुरतं." लग्न मोडलं तर पोर जन्मभर मला बोल लावेल, या भीतीनं मग मीही पडले. दिलसुखनगरच्या चौकात, वाळूवरून चाक घसरून. वाळू माझीच. शाळेतल्या बाईंना गोष्ट रचता येते.

व्रण फिका व्हावा म्हणून केमिकल पील करायचं, हेही मुलीनंच ठरवलं. डॉक्टरीण तरुण आणि सरळ होती. "आंटी, रंग हल्का होता, गड्ढा नक्को पूछो, वो नहीं भरता," तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, डाग फिका होईल पण खड्डा राहील. गालावर ब्रशनं आम्ल फिरवतात. मिरची चोळल्यासारखा गाल पेटतो, मग आठवडाभर कातडीचे पापुद्रे निघतात. तेवढे दिवस ऊन नको, हात नको, दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावायचं नको. दोन वेळा केलं आणि खरंच फरक पडला. खोटं कशाला बोलू, मीही आरशात दोनदा बघितलं.

पण मुलीला तिसरं हवं होतं. डॉक्टरणीनं विचारलं, शादी कब है? माझी लेक पटकन म्हणाली, अजून महिना आहे. हळद सहा दिवसांवर आली होती! तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण घसरलेल्या स्कूटीची गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगणारी मीच, आता कुठल्या तोंडानं बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिसरं पील झालं, आणि हळदीच्या दिवशी माझ्या गालावर गुलाबी, कच्ची कातडी होती. वारा लागला तरी झोंबायची. नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन विहीणबाई स्वतः आल्या. मुलीला पाटावर बसवून हळद लावली, आणि मग बायकांनी एकमेकींना फासायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात सटकले. विहीणबाई वाटी घेऊन मागोमाग आल्या आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या.

"अहो, लपताय काय अशा? हळदीला कुणी नाही म्हणतं का?"

"नको हो, मला सोसत नाही."

"काहीतरीच! पडल्याच्या डागाला तर हळदच हवी. बघा, आठ दिवसांत डाग जातो की नाही."

विहीणबाईंचा दोष नाही. त्या प्रेमानंच आल्या होत्या. त्यांना काय सांगू? आम्ल लावलंय म्हटलं की कशाला लावलं, आणि मग सगळंच बाहेर येणार. मी मुलीकडे बघितलं. ती दोन हातांच्या अंतरावर पाटावर बसली होती. आईची कातडी नाजूक आहे, लावू नका, एवढं एक वाक्य पुरलं असतं. तिनं माझ्या गालाकडे नीट बघितलं. तिला सगळं माहीत होतं. मग हसून म्हणाली, "लावा ना आई, भरपूर लावा." सासूला ती तेव्हापासूनच आई म्हणत होती.

विहीणबाईंनी हनुवटी धरून गाल चोळला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बायका म्हणाल्या, लेक निघाली, रडू येणारच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला संताप आला होता, विहिणीचा नव्हे, पोटच्या पोरीचा.

गाल सुजला, पाणी सुटलं, आणि होता त्याच्या दुप्पट काळा डाग पडला. लग्नात मेकअपवालीनं वर लेप चढवला, फोटोवाला मला उजवीकडूनच टिपत राहिला. नंतर डॉक्टरणीनं झाप झाप झापलं, किसने लगाया? म्हटलं, मीच लावली.

वर्षभरानं मुलीला दिवस गेले. माहेरी आली, पाया पडली, आणि चहा घेता घेता म्हणाली, "आई, डोहाळजेवणाला तिकडचे सगळे येतील. त्याआधी पुन्हा पील करून घेऊ या का?"

"नाही," मी म्हटलं. "हा डाग आता असाच राहणार. आणि कुणी विचारलं तर कॅन्सर झाला होता म्हणून सांगणार. तुझ्या सासूलासुद्धा."

तिनं चहा तसाच ठेवला.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्यात रीत. तिचं सासरी झालं.