लाल खटका आणि गाऱ्हाणं

अमेरिकेहून धडधाकट परत आणलेला कॉम्प्युटर मी तारकर्लीत, सगळ्या वाडीसमोर, माझ्याच हाताने जाळला.

मुळात तो डबा तिकडे न्यायचाच कशाला, असं बायकोने निघतानाच विचारलं होतं. दुसऱ्याच्या मशीनवर माझी बोटं चालत नाहीत, असं मी ऐटीत सांगितलं. मुलाच्या घरी पोचल्यावर बोटं चालायला तयार होती, मशीनच चालेना. मुलाने डब्यामागे वाकून पाहिलं, पाठीवरचा लाल खटका २३० वरून ११५ वर सरकवला, आणि डबा गुरगुरू लागला.

"बाबा, हयली वीज निम्म्या दाबाची. घराक गेल्यार पयलो हो खटको परत फिरवा."

"माका शिकवतंस? तुका सायकल कोणी शिकवल्यान?"

बायको आली नव्हती. ऐन हंगामात घरच्या दोन्ही खोल्या पर्यटकांनी भरलेल्या. नात तिने अजून पाहिलीच नव्हती. बारशाचे सगळे फोटो मी त्या डब्यात भरले, कॅमेरा रिकामा केला आणि फोनवर तिला म्हटलं, "मी येतंय, मगे पडद्यार मोठी करून दाखवतंय."

आलो त्या संध्याकाळी वाडी जमली. बायको नवी साडी नेसून पहिल्या खुर्चीवर. मी काही कच्चा नव्हतो. संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब उतरतो, बल्ब पिकल्या काजूसारखा पिवळा लोंबत असतो, म्हणून शेजाऱ्याच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर मागून आणला. बरोब्बर २३०, एक काटा कमी नाही! आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवं काही सुरू होत नाही, तेव्हा नारळही ठेवला. वाडीतल्या थोरल्या काकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या मशीन सातासमुद्रापलीकडसून इला आसा. वाटेत कोणाची नजर लागली असात, तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

मी बटण दाबलं. फाट्! अगरबत्तीच्या धुरात डब्याचा धूर मिसळला. पाठीवरचा लाल खटका ११५ वरच निवांत बसला होता.

"नजर मोठी होती," काका म्हणाले.

बायकोने एवढंच विचारलं, "फोटो गेले?" एरवी ती मला इतक्या थोडक्यात सोडत नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी डबा मांडीवर घेऊन रिक्षाने मालवण गाठलं. डबा माझ्या एकट्याच्या हातात द्यायला तयार नसल्यामुळे बायकोही शेजारी. दुकानदाराने डबा उघडला, हुंगला, आणि म्हणाला की विजेची पेटी जळली, आतली डिस्क वाचली असेल तर नशीब. नवी पेटी बसवली. बटण दाबताना मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा पडद्यावर नात होती, पाळण्यात, मूठ तोंडात घालून. बायको पुढे सरकली. कितीतरी वेळ बघत राहिली, पदराने पडदाही पुसला. मग पडद्यावरच्या नातीशीच बोलली,

"बाय माझे, नाक आज्याचा घेतलंस तां घेतलंस. डोक्या तेवढा घेव नको."