पोतनीसबाईंची किल्ली

हटवाड्यातल्या मराठी घरांत एक बोलणे ठरलेले होते. "किल्ली पोतनीसबाईंकडे द्या आणि खुशाल महिनाभर पुण्याला राहून या, परत याल तेव्हा घरातली धूळसुद्धा जागची हललेली नसेल." धारमधल्या या घरांचे निम्मे नातेवाईक महाराष्ट्रात. लग्नकार्य निघाले की अख्खे घर कुलूप लावून गाडीत बसे आणि किल्ली अल्पनाबाईंच्या हवाली होई. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक फळी होती. तिला अकरा खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याखाली चिकटपट्टीवर घरमालकाचे नाव होते. त्यांचे यजमान भगवंतराव शाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणत, "आमचे पूर्वज संस्थानाच्या खजिन्याच्या किल्ल्या सांभाळत. हिच्याकडे शितोळ्यांच्या कूलरच्या खोलीची किल्ली आहे. घराणे काही अगदीच बुडाले नाही."

शेजारच्या मानाजी शितोळ्यांची गोष्ट तर साऱ्या गल्लीला पाठ होती. एकदा ते सहकुटुंब साताऱ्याला गेले आणि त्यांच्या बंद घरातून नळ वाहिल्याचा आवाज येऊ लागला. किल्ली हाताशी होती, पण बाईंनी दार उघडले नाही. त्यांनी साताऱ्याला फोन लावला. मानाजी मांडवात होते, फोन लागेना. परवानगी मिळाली तेव्हा गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती आणि बैठकीतली सतरंजी पाण्यावर तरंगत होती. मानाजी ही हकिकत पुढे माळवी ढंगात, कौतुकानेच सांगत: "पाणी गेलं, भिया, पण बाईंनी कडीला हात लावला नाही." बाईंनाही ते कौतुकच वाटे. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू उघडून पाहायची नाही, हा त्यांचा धर्म होता, आणि तो पाळायला काहीच करावे लागत नसल्यामुळे त्यांनी तो अतिशय निष्ठेने पाळला होता.

नोकरी त्यांची शेतीखात्याशी दूरचा संबंध असलेल्या एका लहानशा सरकारी कार्यालयात होती. त्याचे नाव सांगून कोणाचेच भले व्हायचे नाही. नऊ वर्षांपूर्वी वरून पत्र आले, की प्रत्येक कार्यालयात स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असलीच पाहिजे आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच असली पाहिजे. कार्यालयात वरिष्ठ म्हणावी अशी स्त्री एकच होती, त्यामुळे निवडणूक चहा निवायच्या आत उरकली. बाहेरच्या भिंतीवर पाटी लागली: 'अध्यक्ष – श्रीमती अल्पना पोतनीस'. भगवंतराव मुद्दाम ती पाहायला आले आणि रंग चांगला वापरला आहे, एवढाच अभिप्राय देऊन गेले.

मग तक्रारपेटी आली. लाकडी, पुढे फट, खाली कुलूप. ती कोठे लावायची हे ठरवण्याचा मान अध्यक्षांचा. बाईंनी दोन दिवस विचार केला. व्हरांड्यात लावली तर कोणी खोडसाळपणा करील, दाराशी लावली तर पावसाचे पाणी जाईल. अखेर त्यांनी लेखाशाखेची भिंत निवडली. तिथे कॅमेरा होता आणि समोर दिवसभर लेखापाल उदाजीराव बसलेले असत. म्हणजे पेटीवर सतत कोणाची तरी नजर राहणार. ज्या पेटीत चोरून कागद टाकता यायला हवा, ती पेटी आपण पहाऱ्यात टांगली, हे बाईंच्या ध्यानात यायला नऊ वर्षे लागली. त्या दिवशी मात्र त्यांनी कुलपाची किल्ली स्वतःच्या जुडग्यात घातली आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानाने घरी येऊन शिरा केला.

दर वर्षी जानेवारीत अहवाल जाई. प्राप्त तक्रारी: निरंक. निकाली तक्रारी: निरंक. प्रलंबित: निरंक. मजकूर संगणकात तयारच असे, फक्त साल बदलायचे. एका वर्षी ते बदलायचेही राहिले. पोहोच मात्र वेळेवर आली. देवासला दोन-तीन जिल्ह्यांची मिळून कार्यशाळा झाली, तेव्हा एकही तक्रार नसलेले कार्यालय म्हणून बाईंना व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ देण्यात आला. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या सात मिनिटे बोलल्या. आमच्याकडे वातावरण घरच्यासारखे आहे, हे वाक्य त्यात तीनदा आले. पुढे ते भाषण आठवले की त्यांना शाल डोक्यावरून ओढून घ्यावीशी वाटे.

या जानेवारीत वरून नवे फर्मान आले. नुसता अहवाल चालणार नाही, अध्यक्षांनी पेटी उघडायची आणि उघड्या पेटीचा फोटो शासनाच्या संकेतस्थळावर चढवायचा. बाईंना हे फारच अविश्वासाचे वाटले, पण आदेश तो आदेश. फोटो काढायला त्यांनी रुचीला बोलावले. रुची कंत्राटावर आलेली, लेखाशाखेत संगणकावर काम करणारी मुलगी. घरचे निसरपूरचे, गाव धरणाच्या पाण्यात गेल्यावर वसाहतीत राहायला आलेले. ही धारमध्ये खोली घेऊन राहत होती आणि हिच्या पगारावर तिकडे धाकट्या बहिणीचे कॉलेज चालू होते. कंत्राट दर मार्चला संपे. नूतनीकरणाची शिफारस उदाजीरावांच्या टेबलावरून जाई.

किल्ली कुलपात फिरेना. शिलाई मशीनचे तेल आणून घातले तेव्हा कुठे कुलूप कुरकुरत उघडले. आतून सुपारीच्या पुड्या निघाल्या, चहाच्या टपरीची यादी निघाली, एक वाळलेली पाल निघाली आणि घडी केलेले दोन कागद निघाले. उदाजीराव समोरच बसले होते. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "वहिनी, पालीची तक्रार कुणाविरुद्ध?"

बाईंनी पहिला कागद उघडला. तारीख चार वर्षांपूर्वीची, खाली सही उर्वशीची. उर्वशी रुचीच्याच जागेवर कंत्राटावर काम करत असे आणि एके दिवशी अचानक सोडून गेली होती. लग्न ठरले असावे, असा बाईंनी आपल्या मनाशी निष्कर्ष काढला होता. निष्कर्ष काढण्यात त्यांचा हातखंडा. निरोपाला त्यांनी तिला स्टीलचा मोठा डबाही दिला होता. कागदावर लिहिले होते, की बडे बाबू सगळे गेल्यावर फाइलीच्या निमित्ताने थांबवून घेतात, खांद्यावर हात ठेवतात, आणि हात झटकला की मार्च जवळ आल्याची आठवण करून देतात. बडे बाबू म्हणजे उदाजीराव. दुसऱ्या कागदावर जवळजवळ तेच होते. भर होती ती फोनवर येणाऱ्या संदेशांची. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. सही रुचीची.

रुची फोन हातात धरून शेजारी उभी होती. कॅमेऱ्याखाली आणि उदाजीरावांच्या नजरेसमोर तिने कागद टाकला तरी कधी, असे बाईंनी तिला हलक्या आवाजात विचारले. उदाजीराव अमझेऱ्याला लग्नाला गेले होते त्या दिवशी, असे ती म्हणाली. कॅमेरा तर दोन वर्षांपासून बंदच आहे. सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांत बाई नव्हत्या. मग रुचीने फोन खाली घेतला आणि विचारले, "मॅडम, चाबी तो आपके ही पास थी न?"

त्यात टोमणा नव्हता. एखादी पावती कोणत्या कपाटात असते, हे विचारावे तसे तिने विचारले होते.

कागद त्यांनी पर्समध्ये टाकले. उदाजीरावांचे हसू केव्हाच मावळले होते. त्यांना ते वाचण्याची गरज नव्हती. संध्याकाळी ते घरी आले. भगवंतरावांच्या पत्त्यांच्या अड्ड्यातले ते जुने गडी, त्यामुळे पाणी विचारावे लागले. वहिनी, आपण एका ताटातली माणसं, असे त्यांनी सुरू केले. मुलगी आज आहे, उद्या नाही. पण चौकशी लागली की नऊ वर्षांचे अहवाल निघतील, आणि त्यांवर सही कोणाची आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तुमची निवृत्ती जूनमध्ये. पेटीत पाल निघाली, एवढे लिहिले तरी पुरे. बोलणे अतिशय सभ्य होते. जाताना त्यांनी चपला घालता घालता भगवंतरावांना रविवारच्या डावाची आठवणही केली.

ते गेल्यावर भगवंतराव बराच वेळ पत्ते पिसत बसले. मग म्हणाले, "रविवारी मी नाही जायचा. तुझं तू ठरव."

तेवढ्यात मानाजी आपल्या घराची किल्ली न्यायला आले. नुकतेच कोल्हापूरहून परतले होते. खिळ्यावरची किल्ली काढून देताना बाईंनी त्यांना विचारले, माझ्याकडे किल्ली ठेवताना कधी शंका आली का? मानाजी चकित झाले. तुमची कसली शंका, तुम्ही तर आग लागली तरी दार उघडायच्या नाहीत, असे ते भक्तिभावाने म्हणाले. आजवर हे वाक्य बाईंनी शालीसारखे अंगावर घेतले असते. त्या दिवशी त्यांना सतरंजी आठवली.

रविवारी त्यांनी इंदूरवरून बस बदलून देवास गाठले. उर्वशी तिथे एका खासगी शाळेच्या कचेरीत कामाला होती. लग्न वगैरे काही झाले नव्हते. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या होत्या, आणि ओट्यावर तो स्टीलचा डबा होता, तांदळाने भरलेला. बाईंनी घरून पाठ करून आणलेली क्षमायाचना निम्म्यावर अडकली. उर्वशीने त्यांना आधी चहा दिला. ती रागावलेली नव्हती, आणि तेच जड गेले. कागद टाकल्यावर ती सहा महिने थांबली होती. दर सोमवारी कामावर आली की ती आधी पेटीच्या कुलपावरची धूळ पाहत असे. धूळ पुसलेली दिसली तर समजायचे, की मॅडमनी वाचले. ती पुसलेली कधी दिसली नाही. मग तिने नोकरी सोडली. "डबा चांगला आहे, काकू," ती म्हणाली. "मुंग्या लागत नाहीत."

परतीच्या बसमध्ये बाईंनी हिशेब मांडण्याचे टाळले; तो त्यांना तोंडपाठ होता. हटवाड्याने ज्या गुणासाठी त्यांना डोक्यावर घेतले, त्याच गुणावर उदाजीराव चार वर्षे निर्धास्त राहिले होते. कोणाला लाच द्यावी लागली नाही, कोणाला दटावावे लागले नाही. एका प्रामाणिक बाईकडे किल्ली होती, एवढ्यावर त्यांचे भागले.

सोमवारी त्यांनी नवा अहवाल संगणकावर कोरा उघडला, जुन्यावरून उतरवला नाही. प्राप्त तक्रारी: दोन. रुचीची तक्रार नोंदवून तिला क्रमांकासह पोहोच दिली. समितीची बैठक गुरुवारी बोलावली आणि बाहेरच्या सदस्य बाईंना, ज्या नऊ वर्षांत फक्त पाटीवर हजर होत्या, स्वतः फोन केला. चौकशी संपेपर्यंत रुचीला दुसऱ्या शाखेत बसवावे आणि तिच्या नूतनीकरणाचा कागद उदाजीरावांच्या टेबलावरून जाऊ नये, असे कार्यालयाच्या साहेबांना लेखी कळवले. उर्वशीच्या अर्जावर शेरा लिहिला: 'अर्जदाराने मुदतीत दिला. उघडण्यास विलंब अध्यक्षांकडून.' शेवटी वेगळ्या कागदावर, आपले मागचे नऊ अहवाल पेटी न उघडता पाठवले होते, हेही लिहून सही केली. कार्यालयीन भाषेत 'पेटी न उघडता' असे लिहिण्याची पद्धत नाही. सुचलेले दुसरे शब्द सगळे लपवणारे होते, म्हणून त्यांनी तेच ठेवले.

साहेबांनी तासाभरात बोलावले. साहेब बऱ्हाणपूरचे. मराठी त्यांना पक्की कळे, फक्त सोयीच्या वेळी कळत नसे. समोर तिन्ही कागद पसरून त्यांनी हिंदीत शांतपणे समजावले. जुना अर्ज मुदतीबाहेर म्हणून फाइलबंद करता येईल. नव्यासाठी उदाजीरावांना खोलीत बोलावून समज देता येईल. त्या तिसऱ्या, कबुलीच्या कागदाची तर गरजच नाही. तो गेला तर नोटीस तुमच्याच नावाने निघेल आणि जूनमध्ये पेन्शनची कागदपत्रे अडकतील. दारापलीकडे रुची नव्या टेबलावर संगणकाच्या तारा जोडत होती. मग साहेबांनी चष्मा काढला आणि विचारले, की नऊ वर्षे एकही तक्रार नव्हती आणि निवृत्तीला पाच महिने उरल्यावर दोन निघाल्या, हे मी वर कोणत्या तोंडाने सांगू?

अल्पनाबाईंनी जुडग्यातून पेटीची किल्ली सोडवली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"तक्रारी होत्या, साहेब. पेटी मी उघडली नाही. असंच सांगा, आणि नोटीस माझ्या नावानं काढा."