जोतीराममामांचा पत्र्याचा डबा

संख्याशास्त्राच्या पेपरात मी दोनदा आपटले होते. बी.एस्सी.चे बाकी सगळे विषय सुटले, हा एकच मानगुटीवर बसलेला. तिसऱ्यांदाही हुकला असता तर एम.एस्सी.चं स्वप्न गुंडाळून घरी कुरुंदवाडला परत! त्यात माझी स्कूटी पंक्चर झाली. आमच्या अभ्यासिकेच्या खालीच जोतीराममामांचं पंक्चरचं दुकान. मामा ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होते, मी शेजारी उभी राहून रील्स बघत होते, आणि फोन हातातून सटकून थेट टबात!

"घ्या! ह्येला बी पंक्चर," म्हणून मामा खो खो हसले. मी अशी तडकले म्हणता!

फोन दुरुस्तीला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत माझा जेवढा अभ्यास झाला, तेवढा अख्ख्या सेमिस्टरला झाला नव्हता. माझी मलाच लाज वाटली. चौथ्या दिवशी फोन घेऊन मामांपुढं उभी राहिले.

"मामा, रोज अकरा ते एक हा तुमच्याकडं ठेवा. आभाळ कोसळलं तरी एकच्या आत द्यायचा नाही. माझी शपथ आहे."

"बरं बाई." मामांनी फोन बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकला. "पण परत घेताना काय वाचलंस ते मला सांगायचं. मला कळलं तर फोन. न्हाय कळलं तर आणि धा मिनटं वर."

माणूस सातवी शिकलेला, पण भारी बेरकी. एकदा मी प्रमाण विचलन घडाघडा म्हणून दाखवलं. "पाठ केलंयस. कळलंय कुठं?" डबा बंदच! पाय आपटत वर गेले, पुन्हा वाचलं, खाली येऊन त्यांच्याच चाकांचं उदाहरण देऊन सांगितलं. दहा चाकांची सरासरी हवा तीस, पण एकात वीस नि दुसऱ्यात चाळीस असेल, तर त्या सरासरीला काय चाटायचंय? "व्हय की!" म्हणत मामांनी मांडी थोपटली. खरं सांगते, मलाही ते त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं.

मधे फोन वाजला तर मामाच उचलायचे. "पोरगी अभ्यासाला बसलीया वैनी, एकला करा!" असं आमच्या आईला इतक्या मोठ्यांदा सांगायचे की वर अभ्यासिकेत ऐकू यायचं. बघता बघता डब्यात आणखी पोरापोरींचे फोन पडायला लागले.

पेपर दिला आणि एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू केली, तीही अकरा ते एक. निकालाची तारीख मात्र कुणालाच ठाऊक नाही. रोज एकला फोन हातात आला की आधी निकाल लागला का तेच बघायचे.

एका मंगळवारी एकला खाली उतरले, तर चहावाले काका पेढा खातायत, झेरॉक्सवाली संयोगिताताई पेढा खातेय, आणि दोघं माझ्याकडं बघून हसतायत. मामांचं तोंड लालबुंद.

"काय झालं हो मामा?"

"आधी काय वाचलंस ते सांग."

मी सांगितलं. मामांचं लक्षच नव्हतं. नुसती मान हलवत होते आणि डोळे भरलेले. मग डबा उघडून फोन माझ्या हातात कोंबला आणि ओरडले, "पास झालीस की गं! एकसष्ट मार्क!"

माझी मैत्रीण ऋता, तिनं साडेअकरालाच निकाल बघून फोन केला होता. तो मामांनी उचलला. मग आईचा आला, तिलाही मामांनीच सांगितलं, तेही पहिल्यांदाच दबक्या आवाजात. कुरुंदवाडात गल्लीभर साखर वाटून झाली होती. सगळ्या जगाला ठाऊक, मला सोडून! मी हसत होते, रडत होते आणि मामांशी भांडतही होते.

"दीड तास! तुम्ही गप्प बसलात तरी कसे?"

मामांनी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं तीन नव्याकोऱ्या ट्यूबा फुटून पडल्या होत्या.

"हवा भरत बसलो, ध्यानच न्हवतं," ते म्हणाले. "दोनदा जिना चढून वर आलतो. दारातनं बघितलं, तू खाली मुंडी घालून वाचत हुतीस. तुझी शपथ हुती न्हवं? आलो परत खाली."